कोळंबीचं सूप

हॉस्टेलच्या चहात आज गवती चहा होता. त्या वासाने मला जेद्दातलं थाई हॉटेल आठवलं. अब्बा तिथे गल्ल्यावर बसायचे. हाताखाली माणूस मिळाला, या आनंदात त्यांनी एका सौदी तरुणाला सगळं काम शिकवलं होतं.

एका जुम्म्याला हॉटेलच्या मालकाने, म्हणजे आमच्या कफीलने, आम्हाला तिथे जेवायला बोलावलं आणि स्वतः गवती चहा घातलेलं कोळंबीचं आंबटतिखट सूप वाढलं.

“पगार वाढवतायत वाटतं,” अम्मी कुजबुजली.

वाडगे रिकामे झाल्यावर कफील त्या सौदी तरुणाकडे बोट दाखवत, हसत अब्बांना म्हणाला, “नया कानून है, गल्ले पे सौदी ही चाहिए. कल से गल्ले पे ये बैठेगा. तुम खलास.”

अब्बा माझ्याकडे वळले. “त्यांना शुक्रन म्हण, बाळा.”

आमचा इकामा, तिथे राहायचा परवाना, कफीलच्या हातात होता, हे तेव्हा मला कुठे कळत होतं? सूप आवडलं होतं, म्हणून मी अगदी मनापासून आभार मानले, “शुक्रन.”