ढकलायची मुभा

मँचेस्टरला आल्यापासून आम्ही दरवर्षी स्टॉक कारची मोठी शर्यत बघायला जातो. तिथे पुढच्या गाडीला बंपरने ढकलून वाट काढायची मुभा असते. कुठल्या वर्षी शेवटच्या वळणावर कोणी कोणाला ठोकून शर्यत मारली, हा सगळा इतिहास माझ्या नवऱ्याला तोंडपाठ आहे. तो उभा राहून ओरडतो, "ठोक त्याला, बघतोस काय!" ऑफिसात मागून आलेले दोघे त्याचे बॉस झाले, हे मला नेमकं तेव्हाच आठवतं आणि बसवत नाही.

यंदा परतताना राउंडअबाउटच्या गोल चौकात शिरायला जागा मिळत असूनही तो थांबूनच राहिला. मागच्याने हॉर्न वाजवला. नवरा आरशात बघून हळूच "सॉरी" म्हणाला. शेजारी बसून मी नसलेला ॲक्सिलरेटर पायाने दाबत होते.