नानांसाठी कोरी कॅसेट

कोरी कॅसेट शोधायला निघालं की कॅसेट मिळत नाही, किस्से मात्र पोतंभर जमतात! आमचेही जमले. पण तेव्हा माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. गवळणी गाणाऱ्या पिंपरी पेंढारच्या नानांच्या गळ्याचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलेलं. आवाज पहिल्यासारखा राहीलच असं नाही, असं डॉक्टर म्हणालेले. त्याआधी नानांची गवळण टेप करायची होती.

मोबाइलवर करू म्हटलं, तर नाना उखडले. "आपलाच आवाज ऐकायला नातवाच्या पाया पडू व्हय? माझ्या टेपवर वाजंल आसं करा!"

*

आमची बैठक मंचरला, विलासच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. घरात नव्वद मिनिटांची एक कोरी सापडली म्हणून मी धावतच तिथं गेलो. कांद्याचा व्यापारी दत्तू बसला होता. त्यानं ती माझ्या हातातून काढूनच घेतली.

त्यानं पोरीच्या हळदीची गाणी नव्वदवर भरली होती. टेपनं सगळी फीत गिळली, आणि हा पेन्सिल घालून ती गुंडाळत बसला, तोवर वरात निघून गेली!

"साठचीच घ्या राव! नव्वदची फीत लई पातळ, कांद्याच्या पापुद्र्यावानी."

*

मग विलासनं ऑनलाइन मागवली. आठ दिवस मी दुकानात फेऱ्या मारतोय. आली एकदाची, सीलबंद! लावली, तर आत एक बाई इंग्रजी बोलायला शिकवतायत. पुसून पाहिली तरी बाई मागून कुजबुजतच राहिल्या.

विलास मात्र दिवसभर गिऱ्हाइकांना "वेलकम" म्हणत होता.

*

चार दिवस उरले. मी गाडी काढून ओझर गाठलं. देवळाबाहेर एका दुकानात आरत्यांची जुनी कॅसेट मिळाली. साठची, फीत जाड! भरलेल्या कॅसेटच्या पाठीवर खाच असते, म्हणून ती पुसली जात नाही. खाचेवर चिकटपट्टी लावली की झालं.

विलासनं पट्टी लावली, लाल बटणावर बोट ठेवलं आणि थांबला.

"गणपतीची आरती पुसायची? तूच दाब बाबा."

मी दत्तूकडे पाहिलं. दत्तू चहा सांगायला पळाला! शेवटी तिघांनी उभं राहून आरती पूर्ण ऐकली आणि कॅसेट तशीच डबीत ठेवली.

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाना स्वतःच दुकानात आले. काखेत टेप, रुमालात एक कॅसेट.

"ही घ्या. निम्मी कोरी हाय."

पाठीवर मुद्दाम खाच पाडलेली. म्हणजे कुणी पुसू नये म्हणून जपलेली. विलासनं बटण दाबलं. नानांचा ऐन उमेदीतला आवाज, गवळण रंगात आलेली, आणि मधेच बांगड्या वाजल्या.

"बास करा आता! भाकरी गार झाली."

पुढं नुसती खरखर. तो आवाज काकूंचा, नानांच्या बायकोचा; त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. मी टेप बंद केला.

"नाना, ही नको. चुकून काकूंचा आवाज पुसला गेला तर?"

नाना मांडी घालून बसले, खाकरले.

"पुसायची न्हाई. ती बास म्हणती ना, तिथनं पुढं भरा!"