लाउडस्पीकरवरचा सम्राट

सांतियागोच्या मात्ता भागात बाल्दोमेरो उयोआचं केस कापायचं दुकान होतं, पण गल्ली त्याला नट म्हणूनच ओळखायची. चिले विद्यापीठ आणि कॅथॉलिक विद्यापीठ फुटबॉलला भिडत, तेव्हा चेंडू नंतर, आधी नाटक! दोन्ही बाजू मैदानावर देखाव्याची अख्खी नगरं उभी करत. संवाद लाउडस्पीकरवरून, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात. मैदानातल्या नटानं फक्त ओठ हलवायचे आणि हात असे फेकायचे, की शेवटच्या रांगेतला माणूसही हेलावला पाहिजे. विद्यापीठाचं तोंडही न पाहिलेला बाल्दोमेरो निळ्या जर्सीच्या चिलेवाल्यांकडून सम्राट झाला, दर्यावर्दी झाला, एकदा साक्षात मृत्यू झाला.

मग विद्यापीठांना खर्च पेलेना. नाटकं बंद पडली, उरला नुसता चेंडू. बाल्दोमेरोची अन्नावरची वासनाच उडाली.

अशात एका नाटक कंपनीला म्हातारा राजा हवा असल्याचं कळलं. बायकोनं, सुनिल्दानं, सदऱ्याला कडक इस्त्री केली. हे नाही जमलं तर हा माणूस उठायचा नाही, हे तिला दिसत होतं. शेजारचा खाटीक ओनोफ्रे कट्टर कॅथॉलिकवाला, म्हणजे समोरच्या संघाचा. तो दारातूनच म्हणाला, "जा बाबा, राजा हो. मुकुट जड झाला तर आण इकडे, हाडांबरोबर तोलून देतो."

रंगमंचावर बाल्दोमेरोनं हात उचलले आणि रिकाम्या प्रेक्षागृहात एकटी बसलेली दिग्दर्शिका पुढे झुकली. काय ते हात! ओठ हलू लागले. शब्द मात्र नाही. सगळं भाषण पाठ असलेला हा माणूस सवयीनं वरून येणाऱ्या आवाजाची वाट पाहत होता.

दिग्दर्शिकेनं पुन्हा करायला सांगितलं. या खेपेला तो बोलला. गिऱ्हाइकाला कल्ले किती ठेवू विचारतो, त्याच बारीक आवाजात. हात आभाळात, आवाज खुर्चीपाशी. विंगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"उयोआ, हे हात मी विसरणार नाही," ती हळुवारपणे म्हणाली. "पण या राजाला बोलावं लागतं हो."

घरी सुनिल्दानं त्याचा चेहरा पाहिला आणि सूप वाढलं. ते तसंच निवलं.

पुढच्या सामन्याला ओनोफ्रे दोन तिकिटं घेऊन दुकानात आला. आपल्या खर्चानं, तेही शत्रूसाठी.

"चल रे. शिव्या द्यायला समोर कुणी नको का?"

बाल्दोमेरो वस्तरा पुसत राहिला. "तू जा. मला फुटबॉल कधी आवडलाच नाही."

ओनोफ्रे दोन्ही तिकिटं खिशात घालून एकटाच निघून गेला.