तिनोच्या घरचा आबा

शिळफाट्यावर मिक्सर दुरुस्तीला टाकून मी चहा पीत उभा होतो, तेव्हा घरून फोन आला. नवरात्र संपून दोनच दिवस झाले होते. "अहो, तिनोभावजी गेले," ही म्हणाली. सकाळच्या चहाला आला नाही म्हणून ती बघायला गेली, तर झोपेतच... मी कप खाली ठेवला. तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कुठला आला, ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, आता आबाची भूमिका परत माझ्याकडे येणार.

तिनो म्हणजे फाउस्तीनो, मेक्सिकोचा नट. पळसदरीत आमच्या मागच्या दोन खोल्यांत तो चौदा वर्षं राहिला. तरुणपणी त्यानं तिकडं सिनेमात कामं केली. बहुतेक सिनेमांत तो घोड्यावरून येणाऱ्या नायकाचा मित्र असायचा आणि मध्यंतराच्या आत गोळी खाऊन मरायचा. मग तिकडं टीव्हीवरच्या मालिकांचं पेव फुटलं आणि तिनो डॉक्टर झाला, वकील झाला, श्रीमंत घरचा नासका जावई झाला. हा जावई इतका गाजला, की बाजारात बायका त्याला खऱ्याखुऱ्या शिव्या द्यायच्या. हे सांगताना त्याची मान ताठ व्हायची. रोज पानंच्या पानं चित्रित व्हायची, पाठ करायला वेळ कुठला? म्हणून नटाच्या कानात एक बारकं यंत्र बसवायचे आणि पलीकडच्या खोलीतला माणूस एकेक वाक्य सांगत जायचा. "गुरुजी, तीस वर्षं मी दुसऱ्याचं ऐकून प्रेम केलं, ऐकून भांडलो, ऐकून मेलो," तो मला म्हणायचा. "एक वाक्य माझ्या पोटात उतरलं नाय."

पुढं वय झालं, कामं आटली, संसार मोडला. मुलगी इनेस तिच्या आईकडे वाढली आणि मोठी झाली. अशात एका सिनेमासाठी पोर्तुगीज कप्तान म्हणून तो कर्जतला आला. सिनेमा अर्ध्यात बंद पडला, बाकीचे परत गेले आणि हा चार दिवस राहतो म्हणून राहिला, तो राहिलाच. कर्जतच्या बाजूला ऐतिहासिक मालिकांची चित्रीकरणं चालू असतात. तिथं गोरा माणूस कायम लागतो. खरं तर तिनो आमच्या गावच्या गोविंददादांपेक्षा जरासा उजळ, एवढंच. पण परदेशी म्हटल्यावर खपून जायचा. कधी इंग्रज, कधी डच, कधी पोर्तुगीज. तिकडं गोळीनं मरायचा, इकडं तलवारीनं, एवढाच काय तो फरक.

आता आमच्या गावच्या नाटकाविषयी सांगायला हवं. चैत्रातल्या जत्रेला आम्ही दरवर्षी एकच नाटक करतो, गावातल्याच एका मास्तरांनी कधीकाळी लिहिलेलं. भूमिकांची वाटणी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी देवळात होते. रीत अशी, की एकदा मिळालेली भूमिका ज्याची त्याच्याकडेच राहते. त्यानं स्वतः उठून "सोडली" म्हटलं तरच ती दुसऱ्याला मिळते. नाटकात एक आबा आहे, पोरीला शहरात धाडणारा शेतकरी बाप. तो मी बावीस वर्षं करत होतो. एक साहेबही आहे, जमीन मोजायला येणारा, तीन वाक्यांचा. तिनो आल्यावर तो साहेब कुणाला द्यायचा, हा प्रश्न आपोआप सुटला आणि गाव खूश झालं. तिनो सोडून.

एकदा भाकरी खाताना तो म्हणाला, "गुरुजी, तू साहेब घे. मला बाप दे."

मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या वर्षी त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "अरे, लोकांना पटायचं नाही." लोकांचं नाव पुढं केलं की कसं बरं पडतं! खरं कारण एवढंच, की तिसऱ्या अंकात पोरीला निरोप देताना मी जी आरोळी ठोकायचो, ती म्हणे ठाकुरवाडीपर्यंत ऐकू जायची. ती मला सोडवत नव्हती. तिनोनं मग विषय काढला नाही. रोज संध्याकाळी मात्र तो धरणावर एकटाच फिरायला जाऊ लागला.

एका संध्याकाळी मी सहज त्याच्या मागनं गेलो. बांधावर उभा राहून तो आबा म्हणत होता. पहिल्या अंकापासून, सगळा. हातात कागद नाही, कानात यंत्र नाही. मध्ये समोरच्यांची वाक्यंसुद्धा म्हणत होता. दोन वाक्यं मी बावीस वर्षं चुकीची म्हणत आलो होतो, ती त्यानं मूळ वहीत आहेत तशी म्हटली. मी झाडाआड उभा राहून ऐकलं आणि त्याला न भेटताच घरी आलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दिवाळीनंतर देवळात माझं नाव पुकारल्यावर मी उठलो आणि म्हटलं, "आबा सोडला. तिनोला द्या." तिनोनं खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, बस्स.

पहिल्या प्रयोगाला लोक हसले. धोतर नेसलेला, डोईला मुंडासं बांधलेला साहेब बघून पोरं शिट्ट्या मारायला लागली. विंगेतनं मी पोरांना गप्प बसायच्या खुणा केल्या. खरं सांगायचं तर, जरा बरंही वाटलं. तिसऱ्या अंकापर्यंत खुसखुस चालूच होती. मग निरोपाचा प्रसंग आला. तिनोनं आरोळी मारली नाही. पोरीचं गाठोडं सोडलं, पुन्हा नीट बांधलं, गाठ तपासली. परत सोडलं, परत बांधलं. तिला जायला उशीर व्हावा म्हणून एक बाप काय काय करील, ते सगळं केलं. मंडपात चिटपाखरू हलेना. आमच्याकडे रानभाज्या घेऊन येणारी ठाकुरवाडीची सोनीबाय पुढंच बसली होती. ती तिथनंच ओरडली, "आरं, जाऊ दे रं तिला! येल ती माघारी, तू नको जीव जाळू!" कुणीही हसलं नाही. तिनोनं तिच्याकडे बघून मान हलवली आणि गाठोडं पोरीच्या हातात दिलं. मी विंगेत ढसाढसा रडलो. हेव्यानं की मायेनं, मला आजही सांगता येत नाही.

चार वर्षं त्यानं आबा केला. चौथ्या वर्षी त्याला साहेब म्हणणारं गावात कुणी उरलं नव्हतं.

यंदाही दिवाळीनंतरच्या रविवारी देवळात वाटणी झाली. आबाचं नाव निघालं तसा मी उठायच्या तयारीत सरसावून बसलो. गोविंददादा आमच्या नाटक मंडळात सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी हातानंच मला थांबवलं. "तुमी बसा गुरुजी. सोडली म्हनून तिनो कुटं बोलला? मानूस गेला तर भूमिका त्याच्या घरची ऱ्हाते. माझ्या बापामागं माझ्या घराला इचारलं का नाय? मग त्याच्याबी घराला इचारा."

"अहो दादा, त्याचं घर मेक्सिकोला..."

"मग लावा की फोन. तुमाला विंग्रजी येतंय ना?"

असा सबंध मंडळाच्या साक्षीनं मी इनेसला व्हिडिओवर फोन लावला. ही सगळी रीत, माझ्याच विरुद्ध जाणारी, तिला इंग्रजीत समजावून सांगितली. मग तिनं विचारलं, "तिथल्या लोकांना ते खरंच बाप वाटायचे?" मी होय म्हणालो. ती म्हणाली, "मला त्यांनी कधी निरोप दिला नाही. मी शाळेतून आले तेव्हा ते निघून गेले होते." आणि थोड्या वेळानं, "हे काम मुलीला करता येतं का?"

मी हे मराठीत सांगितलं. देवळात कुजबुज झाली. गोविंददादांनी डोळे मिटून जरा विचार केला. मी अजूनही सरसावलेलाच होतो. बावीस वर्षं, म्हटलं ना मी. दादांनी डोळे उघडले. "न करायला काय झालं? घर तिचं हाय. तिला म्हनावं, ये. पन पाठ करून ये. हितं कानात कुनी सांगत नाय."

त्या दिवसापासून मी सकाळी तिनोच्या खोलीत जाऊन बसतो. तिथं रस्त्याचा आवाज येत नाही. आबाचं एक वाक्य फोनमध्ये म्हणतो, सावकाश, अर्थासकट, आणि पाठवून देतो. संध्याकाळपर्यंत ते तिच्या आवाजात परत येतं. मी चुका सांगतो, ती पुन्हा म्हणते. आजवर अकरा वाक्यं झाली. आबाची एकूण चौसष्ट आहेत, आणि जत्रा चैत्रात. जमेल.