गोडव्याचा संशय घेणाऱ्या साठे मॅडम

अनोळखी नंबरावरून तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी उचलला. पलीकडची मुलगी म्हणाली, "आई आज पहाटे गेली." मी तिलाच विचारलं, "कोणाची आई? तुम्ही कोण बोलताय?" ती चिडली नाही. "साठे मॅडमची मुलगी. आई म्हणायचीच, माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बायका आधी उलटतपासणी घेतील..."

माझ्या घटस्फोटाचं चाललं होतं तेव्हा वकिलांनी मला पनवेलला मॅडमकडे पाठवलं. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्या रीतसर नोंदणी करून आर्थिक सल्ला देत. मला वाटलं, यांचं आणि वकिलांचं काहीतरी ठरलेलं असणार. तसं तोंडावर विचारलंही. त्यांनी आपली फी सांगितली, कुठलंही कमिशन घेत नाही असं लिहून दिलं आणि म्हणाल्या, विचारलंत ते बरं केलंत, दर वेळी विचारत जा. तरी परतताना वाटत राहिलं, उत्तर फार सराईत होतं.

मग नवऱ्याने निरोप धाडला की उलव्याचा फ्लॅट तो माझ्या नावावर करील, मी फक्त पोटगी मागायची नाही. विमानतळाशेजारचं घर! उरणला माहेरी सगळे हरखले. मॅडम तेवढ्या हरखल्या नाहीत. "ज्याने तुमचे दागिने परत करताना रडवलं, तो घर इतकं सहज कसं देतोय?" त्या म्हणाल्या. मला उलट त्यांचाच संशय आला. नवऱ्याने यांना गाठलं तर नसेल?

त्यांनी वाद घातला नाही. मला घेऊन उलव्याला गेल्या. डंपरांच्या धुळीतून चालत आम्ही इमारत शोधली. तिथल्या सेक्रेटरीने सहज सांगितलं, त्या फ्लॅटची चौकशी करत बँकेची माणसं येऊन गेली, हप्ते थकलेत. नवऱ्याने धंद्यासाठी घर गहाण टाकलं होतं. रिक्षात बसल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "घर मिळालं असतं तुम्हाला. कर्जासकट."

पुढची बोलणी लांबली. अखेर मी फ्लॅट नाकारला आणि एकरकमी पोटगी घेतली. ती हाती येताच भाऊ आला. त्याच्या बांधकामात घालायची म्हणे, दुप्पट होईल. मी आजवर त्याला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. मॅडमनी सांगितलं, नाही म्हणणं जड जात असेल तर माझं नाव पुढे करा, मला वाईट ठरवा. मी तसंच केलं. भाऊ उसळला, "ती बाई तुजी कोन लागते? आमी कोनी नाय?" वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. त्या पैशांतून मी खांदा कॉलनीत दोन खोल्या घेतल्या. लहान आहेत, पण त्यांच्यावर कुणाचा बोजा नाही.

मुलीचा फोन आल्यावर मॅडमच्या घरी भेटायला गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत पाच-सहा बायका बसलेल्या होत्या. एकमेकींना कुणी ओळखत नव्हतं. पर्स मांडीवर घट्ट धरून प्रत्येक जण इतरांकडे जरा जपूनच बघत होती... चहा आला, तशी कोपऱ्यातली एक जण हळूच म्हणाली, "माझ्या सासऱ्यांनी त्यांना शिव्या घातल्या होत्या." दुसरी म्हणाली, "माझ्या मामांनी." मग माझ्याकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या.

"माझ्या भावाने," मी म्हटलं, आणि त्यांनी सरकून मला मधे जागा करून दिली.