ड्रमचं कुलूप

उदगीर जिल्हा होणार अशी चर्चा होती आणि नळाला पाणी नव्हतं. शेजारचे सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, संध्याकाळी ओट्यावर मलाही.

“मूळ पेशीत सगळेच जीन असतात. काही बंद होतात, काही चालू राहतात. म्हणून एक पेशी रक्ताची होते, एक कातडीची. कळालं का?”

प्रत्येक गोष्टीला त्यांचं ‘कळालं का’ असायचंच.

वरची भाडेकरीण आली. “सर, घागरभर पाणी द्या की.”

“न्हाई हो, संपलं.”

मागं कुलूप लावलेला पाण्याचा ड्रम होता. तो बघून ती गेली.

मी विचारलं, “बंद झालेले जीन परत उघडतात का?”

“उघडतात की,” म्हणून सर ड्रमाकडं बघत राहिले. अंधार पडल्यावर उठून कुलूप काढलं, तिला हाक मारली.

“राहू द्या सर,” ती वरून म्हणाली, “लेकरू झोपलं तसंच, तहानलेलं.”

सर उघड्या ड्रमापाशी उभेच राहिले. माझ्याकडं बघेनात.