युरोप व्हॅन

व्हॅनच्या सीटखाली काय काय साचतं ते व्हॅन धुणाऱ्यालाच माहीत. चिप्सची पाकिटं, चार्जर, एका पायाचं जॅन्डल, म्हणजे रबरी चप्पल. किस्सेही तसेच साचतात. मी ऑकलंडमध्ये शूटिंगच्या युनिटला ड्रायव्हर आहे. पहाटे नटांना मोटेलवरून उचलायचं, सेटवर सोडायचं, काम संपलं की परत न्यायचं. मी पहिल्यापासून फारसा बोलत नाही. शाळेत त्याचा तोटाच झाला आणि शेवटचं दीड वर्ष बाकी असताना मी शाळा सोडली. पण पुढचा माणूस गप्प असला की मागचा बोलायला लागतो, हे मला या धंद्यात कळलं.

मंडळाच्या गणपतीत लोक म्हणतात, "ओंकार, स्टार लोकांचे किस्से सांग ना." मी सांगतो, ते पोट धरून हसतात. मला मात्र सांगताना रागच येतो. म्हणून या वेळी लिहून काढतोय. हसायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

* * *

गेल्या उन्हाळ्यात एका मोठ्या सिरियलचं काम होतं. राजे, राक्षस, जळणारी गावं, सगळं होतं. मुख्य नट अमेरिकन. त्याला काळी एसयूव्ही, एकट्याला. त्याच्या ट्रेनरला दुसरी. आणि मला दिली बारा सीटची व्हॅन. आमची ट्रान्सपोर्टची बॉस, म्हणजे गाड्या कोण चालवणार, कुठे जाणार हे ठरवणारी बाई, तिचं नाव हिने, माओरी नाव आहे. तिने वरून आलेला कागद मला दाखवला. त्यावर माझ्या गाडीपुढे लिहिलं होतं, 'युरोप'.

मी विचारलं, युरोपमधले कोण?

"हंगेरीचा एक म्हातारा आणि इटलीची एक बाई," हिने म्हणाली. "नावं लिहायला त्यांना वेळ नव्हता, ब्रो."

* * *

हंगेरीचे ते म्हणजे इश्तवान. वय एकाहत्तर. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, पण मराठीत लिहिताना मला त्यांना 'तो' म्हणवत नाही.

मी त्यांना आणायला एअरपोर्टवर गेलो, तर दीड तास झाला तरी ते बाहेर येईनात. त्यांच्या बुटांना माती लागलेली होती आणि इथे न्यूझीलंडमध्ये बाहेरची माती, तिच्यातून रोग येतील म्हणून, म्हणजे बॉम्ब. बूट धुवायला नेले होते आणि ते मोज्यांवर बाकावर बसले होते. तपासणाऱ्या बाईने विचारलं, काय काम करता? नट. कुठल्या पिक्चरमध्ये? त्यांनी बुडापेस्टमधली नाटकं सांगितली. चाळीस वर्षांत राजे केले, वेडे केले, एकदा देवही केला होता. बाई मान हलवत राहिली. मग एकदम तिचे डोळे चमकले.

"लिफ्टमध्ये ज्याला गोळी मारतात, तो तूच ना?"

एका अमेरिकन पिक्चरमध्ये ते फक्त दीड मिनिट होते. लिफ्ट उघडते, गोळी लागते, लिफ्ट बंद. बाईने त्यांच्याबरोबर सेल्फी काढला आणि स्वच्छ बूट हातात दिले.

व्हॅनमध्ये बसल्यावर त्यांनी हे सगळं मला सांगितलं आणि वर म्हणाले, "त्यांनी माझ्यापेक्षा माझे बूट जास्त काळजीने हाताळले."

* * *

इटलीची बाई म्हणजे लुचिया. तिच्या देशात ती रस्त्यावरून चालली तर लोक गाड्या थांबवतात. इथे तिला राक्षसिणीचं काम होतं. रोज पहाटे तीन तास तिच्या तोंडावर रबर चिकटवायचे. तीन आठवडे सेटवर कोणी तिचा खरा चेहराच पाहिला नव्हता.

एके दिवशी तिचं शूटिंग रद्द झालं. मेकअप न करताच ती जेवणाच्या तंबूकडे गेली, तर सिक्युरिटीच्या मुलाने अडवलं. नटांसाठीच आहे, म्हणाला. तिने नाव सांगितलं. तो म्हणाला, लुचियाला मी ओळखतो, रोज बघतो. तुम्ही ती नाही.

मी मागेच उभा होतो. मी सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही.

शेवटी लुचियाने फोन काढला आणि स्वतःचा राक्षसिणीचा फोटो त्याच्या डोळ्यासमोर धरला.

"ओह, लुचिया!" पोरगा म्हणाला. "सॉरी! आज ओळखूच आली नाहीस!"

* * *

व्हॅनमध्ये दोघांचा एक खेळ चालायचा. कोण किती वेळा मेलं. इश्तवान इंग्रजीत सतरा वेळा मेले होते. त्यात रशियन म्हणून नऊ वेळा, जर्मन म्हणून पाच वेळा, सर्बियन म्हणून दोनदा, आणि एकदा तुर्की म्हणून. हंगेरियन म्हणून एकदाही नाही. लुचियाची गोष्ट वेगळी. ती मरायची नाही, तिचे नवरे मरायचे.

आता ही सिरियल तर कल्पनेतल्या देशातली. तिथे काय भाषा बोलतात ते कोणालाच माहीत नाही. तरी उच्चार शिकवायला एक पंचवीस वर्षांचा मुलगा ठेवला होता, वेलिंग्टनकडचा, जॉन्सनव्हिलचा. तो इश्तवानना म्हणाला, तुमचं इंग्रजी छान आहे, पण जरा जास्त युरोपियन वाटू द्या.

यांनी विचारलं, कुठला देश?

"कुठलाही नाही. असं... जनरल."

परतताना मोटरवे लागला. ऑकलंडच्या पापाकुरा भागाच्या बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "आशियाचा जनरल उच्चार कसा असतो?"

मी म्हणालो, मला नाही माहीत, माझा पापाकुराचा आहे.

त्या दिवशी ते पहिल्यांदा मोठ्याने हसले. माझ्या लक्षात आलं की मीही पहिल्यांदाच त्यांच्याशी सबंध वाक्य बोललो होतो.

* * *

एवढा मोठा माणूस एवढ्या लांब मरायला का आला, हे मला कळत नव्हतं. ते कळलं आमच्या घरी, मी त्यांना जेवायला नेलं तेव्हा.

माझे आईबाबा ऑकलंडमध्येच फ्लॅट बुश भागात राहतात. बाबा आयटीत आहेत. मी शाळा सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलतात ते फक्त गाडीच्या इन्शुरन्सबद्दल. पण नट घरी येणार म्हटल्यावर त्यांनी रविवारी लॉन कापलं. आईने पुरणपोळी केली. इश्तवाननी चार खाल्ल्या.

बाबांनी विचारलं, एवढं सगळं पाठ कसं होतं? तेव्हा ते उठले, टेबल आणि टीव्हीच्या मधे उभे राहिले आणि हंगेरियनमध्ये बोलायला लागले. चार मिनिटं. आवाज चढवला नाही, हात हलवला नाही. आईने पहिल्याच वाक्याला गॅस बंद केला होता.

मग त्यांनी सांगितलं. सिरियलमध्ये ते नदीवरचे म्हातारे नावाडी आहेत. सैन्य गाव जाळायला येतं आणि नावाडी सेनापतीच्या समोर उभा राहून बोलतो. नंतर मरतो, ते ठरलेलंच. पण लेखक म्हणाला होता, नावाड्याच्या भाषेत बोला, तुमच्या भाषेत बोला, काय वाटेल ते लिहा. दोन पानं तुमची. त्या दोन पानांसाठी ते आले होते.

त्यांचे वडील खरोखरच नावाडी होते. सैनिक एक दिवस आले आणि नाव घेऊन गेले. वडील टोपी हातात धरून उभे राहिले, काही बोलले नाहीत. नंतर तीस वर्षं जगले, पण त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही.

"ते काय बोलले असते, ते मी लिहिलंय," इश्तवान म्हणाले.

बाबा म्हणाले, व्हेरी नाइस. मी ताटं घेऊन आत गेलो, तर आई सिंकपाशी पाठ करून उभी होती.

"मला एक शब्द कळला नाही रे," ती म्हणाली. "पण त्या सैनिकाच्या जागी मी असते ना, तर नाव परत केली असती."

* * *

आता मला सगळ्यात जास्त राग येतो तो किस्सा. यात हसण्यासारखं फक्त एक आहे, ते म्हणजे घोडा.

स्क्रिप्टमध्ये बदल झाला की नवीन पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर येतात. पहिली पांढरी, मग निळी, मग गुलाबी, मग पिवळी. ती पाकिटात घालून पहाटे ड्रायव्हरकडे देतात आणि ड्रायव्हर नटाच्या हातात. म्हणजे वाईट बातमीचा पोस्टमन मी.

निळी पानं आली तेव्हा इश्तवानच्या दोन पानांचं एक झालं होतं. गुलाबी आली तेव्हा चार ओळी उरल्या. कारण विचारलं तर प्रोड्यूसरबाई म्हणाल्या, लोकांना पडद्यावर खाली भाषांतराची अक्षरं वाचायला आवडत नाही. सेनापतीच्या घोड्याचा सीन मात्र दर रंगाला वाढत होता. गुलाबीत घोडा नदीचं पाणी पितो. पिवळ्यात घोडा मागे वळून जळणाऱ्या गावाकडे बघतो आणि त्याच्या डोळ्यात आग दिसते.

पिवळ्या पानावर नावाड्यासाठी एकच ओळ होती. 'नावाडी मरतो.'

ती मी आधी वाचली होती, मोटेलच्या पार्किंगमध्ये. वाचायची नसते, पण वाचली. हिनेला फोन केला आणि जे मनात आलं ते सगळं बोललो. ती ऐकत राहिली.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती शेवटी म्हणाली. "मी गाड्या बघते. ज्यांना सांगायचं त्यांना सांग."

मी कोणालाच सांगितलं नाही. इश्तवान आले, गुड मॉर्निंग म्हणाले, मी पाकीट दिलं. त्यांनी वाचलं, नीट चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, वाटेत डेअरीपाशी, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानापाशी, थांब, एक पाय घेऊ. मिन्स अँड चीज, म्हणजे मैद्याच्या कवचात खिमा आणि चीज भरलेला. आम्ही गाडीत बसून खाल्ला. मी रडकुंडीला आलो होतो आणि ते पायचा तुकडा दातांनी तोडत विचारत होते की आतला खिमा एवढा गरम कसा राहतो.

* * *

तो सीन त्याच दिवशी होता. पापाकुराच्या पुढे नदीकाठी एका शेतात लाकडाचं गाव उभं केलं होतं. धूर करणारी मशीनं, साठ-सत्तर माणसं, घोड्यावर अमेरिकन सेनापती. तीन कॅमेरे. गाव खरंच पेटवायचं होतं, म्हणून टेक एकदाच. इश्तवान नदीकडे पाठ करून उभे. समोर भाले घेतलेली तीन मुलं, एक्स्ट्रा म्हणून आलेली. आम्ही ड्रायव्हर लोक कुंपणाशी.

ॲक्शन झालं. गाव पेटलं. पहिल्या मुलाने भाला मारला. रबराचाच, पण चांगला जोरात बसला.

इश्तवान पडले नाहीत.

मुलाला वाटलं आपलंच चुकलं. त्याने पुन्हा मारला. दुसऱ्यानेही मारला. तिसरा गोंधळून डिरेक्टरकडे बघायला लागला. डिरेक्टर कट म्हणेना, कारण मागे गाव जळत होतं आणि दुसरं गाव नव्हतं.

मग इश्तवाननी डोक्यावरची टोपी काढली, नदीत टाकली आणि बोलायला सुरुवात केली.

आवाज चढवला नाही. हात हलवला नाही. मुलांचे भाले हळूहळू खाली आले. घोड्यावरच्या अमेरिकन नटाला पुढची ओळ बोलायची होती. तो ती बोललाच नाही. त्याने लगाम ओढून घोडा धरला आणि ऐकत राहिला. मेकअपच्या गाडीच्या पायरीवर लुचिया अर्धं रबर लावून उभी होती.

प्रोड्यूसरबाईंच्या तंबूतून आवाज यायला लागले. हे स्क्रिप्टमध्ये नाही. ही कुठली भाषा आहे? शिव्या तर देत नाही ना? मग वॉकीटॉकीच्या चॅनेल एकवर डीनचा आवाज आला. डीन म्हणजे सेट चालवणारा असिस्टंट डिरेक्टर. चॅनेल एक म्हणजे सबंध युनिटच्या कानात.

"ट्रान्सपोर्ट, त्या म्हाताऱ्याचा ड्रायव्हर कोण आहे? तो रोज त्याच्याबरोबर असतो. काय बोलतोय म्हातारा? प्रोड्यूसरला आत्ता कळायला हवंय."

चौदा आठवड्यांत मी चॅनेल एकवर तोंड उघडलं नव्हतं. हिनेने आपला वॉकीटॉकी पट्ट्यातून काढला आणि माझ्या हातात दिला.

"तुला विचारतायत, ब्रो."

मी बटण दाबलं. माझा श्वास मलाच कानात ऐकू येत होता, म्हणजे सगळ्यांनाच येत असणार.

"हे," मी म्हणालो, "त्यांना मारायच्या आधी विचारायचं होतं."